चोविसावी बाटली

"ती वही हलवा आधी इथून. माझ्या स्वयंपाकघरात नको मला ती."

"तुझं स्वयंपाकघर कधीपासून झालं ग?"

"बरं, तुमचं. घर तुमचं, वही तुमची, कारखानाही तुमचाच. माझा एक नवरा तेवढा होता, त्याचा एक डोळा घेतलात."

"मी घेतला?"

"नाही, मी घेतला! अहो जाऊबाई, काय लिहिलंय त्या वहीत ते सगळ्या कारखान्याला पाठ झालंय. दोष शून्य. दोष शून्य. दोष शून्य. सहा महिने नुसती शून्यं! मग बाटली फुटली कशी? ह्यांनी दातांनी फोडली?"

"मी पाहिलं ते लिहिलं."

"डोळ्यांत तेल घालून पाहिलं असेल ना?"

हे शेवटचं वाक्य धाकटीच्या तोंडून निघालं आणि दोघीही आतल्या खोलीच्या दाराकडे बघायला लागल्या. दार लोटलेलं होतं. आत तो पडलेला होता, डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून. झोपला होता की ऐकत होता, कळायला मार्ग नव्हता.

थोरलीनं वही मिटली आणि मांडीवर घेतली. लहान मूल घ्यावं तशी.

कारखान्यात तिला सगळे चोवीसबाई म्हणत. तिथे काचेच्या बाटल्या बनत आणि त्याच आवारातल्या दुसऱ्या शेडमध्ये त्या बाटल्यांत सोडा भरला जाई. थंड होऊन आलेल्या बाटल्या एकामागून एक रांगेनं पट्ट्यावरून सरकत, आणि पट्ट्याच्या तोंडाशी एका उंच स्टुलावर ही बसलेली असे. तेवीस बाटल्या जाऊ द्यायच्या, चोविसावी उचलायची. तोंड तपासायचं, बुडबुडे मोजायचे, वजन करायचं, चिमट्यानं काचेची जाडी मापायची, वहीत लिहायचं. तोवर पुढची चोविसावी दारात हजर. पाळीला दोनशे बाटल्या. क्रेट उचलणारे तिची टिंगल करत: ही बाई मेल्यावर यमालाही तेवीस माणसं आधी न्यायला लावेल. ती हसायची नाही, कारण मध्येच हसलं की आकडा चुकतो.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा धाकटा दीर नऊ वर्षांचा होता. रीतीप्रमाणे ती त्याला अहोजाहो करायची. "अहो भावजी, नाक पुसा," असं ती म्हणाली की शेजारच्या बायका पदर तोंडात धरून हसत. तीन वर्षांनी नवरा गेला. सासू त्याच्याही आधी गेली होती. मग ही कारखान्यात लागली आणि तिनं त्या पोराला वाढवला, शिकवला, आणि मोठा झाल्यावर स्वतः साहेबांच्या दारात उभी राहून त्याला सोडा भरायच्या शेडमध्ये चिकटवून दिला. 'तुम्ही' मात्र तसंच राहिलं.

त्याच शेडमध्ये पंधरा दिवसांपूर्वी, भरलेली बाटली तो नळाखालून काढत असताना ती त्याच्या तोंडावर फुटली.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. बाटली चांगली असेल तर ती फुटणार कधी? गॅसचा नळ जास्त फिरवला तर. नळावर हात कोणाचा? त्याचा. आणि बाटली चांगली होती याला पुरावा चोवीसबाईंची वही. सहा महिन्यांत एक दोष नाही. या बाईनं बावीस वर्षांत कधी खोटी ओळ लिहिली नाही, हे साहेब स्वतः चार माणसांत सांगत होते. गुरुवारी सकाळी चौकशी होती. बाटल्या निर्दोष होत्या एवढं तिनं लिहून द्यायचं, खाली सही करायची, की निष्काळजीपणाचा शिक्का त्याच्या कपाळी बसणार आणि काम सुटणार. त्याहून वाईट म्हणजे काचेचे कण गेलेल्या उजव्या डोळ्यावरचे उपचार अडणार. डॉक्टरांनी सांगितलं होतं, महिन्याभरात शस्त्रक्रिया झाली नाही तर तोही डोळा जाईल. ती कारखान्याच्या दवाखान्यात व्हायची होती, आणि स्वतःच्या चुकीनं जखमी झालेल्याला तिथे दार बंद होतं.

"सही नका करू," धाकटी म्हणाली. आवाज आता खाली आला होता. "एवढंच मागते."

"मग काय लिहू? दोष होता म्हणून लिहू? कुठल्या बाटलीत? कुठल्या तारखेला? न पाहिलेलं कसं लिहायचं?"

"हे पाहा मग."

धाकटीनं फळीवरच्या डब्यामागून रुमालाची गाठोडी काढली आणि सोडून ओट्यावर ठेवली. बाटलीचं बूड होतं. जाड, गोल, कडेनं दातेरी. "ह्यांच्या एप्रनच्या खिशात सापडलं. दवाखान्यात कपडे दिले ना, तेव्हा. फेकवेना मला."

चोवीसबाईनं ते सवयीनं उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं, उलटं केलं. बुडावर उठावाचा बारीक आकडा होता. सात.

तिनं एकदम श्वास सोडला. सुटल्यासारखा.

"ही आमची नव्हेच."

"म्हणजे?"

"आमच्या बाटलीच्या बुडावर बारा असतो. बाराची मशीन आहे ना आमची. अकरा वर्षं बघतेय मी. हे बघ, वहीत रकाना आहे." तिनं वही उघडून दाखवली. 'बूड' असं लिहिलेल्या रकान्यात प्रत्येक पानाच्या माथ्यावर १२ आणि खाली पानभर 'वरीलप्रमाणे'च्या खुणा, मुंग्यांच्या रांगेसारख्या. "सात कधीच नाही आला. कुठून तरी बाहेरची बाटली भरायला आली असणार."

"जाऊबाई, आपल्या शेडमध्ये बाहेरची बाटली येते कधी?"

"नाही येत."

"मग ही काय आभाळातून पडली?"

चोवीसबाईला ते पटलं नाही. उद्या दाखवते तुला, म्हणाली, आणि बूड रुमालात बांधून वहीबरोबर पिशवीत टाकलं.

बुधवारी ती पाळीच्या तासभर आधी कारखान्यात गेली. तपासलेल्या बाटल्यांपैकी रोजची एक बाटली तारखेची चिठ्ठी लावून मागच्या खोलीत ठेवायची पद्धत होती. तीन महिन्यांच्या बाटल्या तिथे मांडणीवर उभ्या होत्या, धूळ खात. तिनं पहिली उलटी केली. बारा. दुसरी. बारा. पुढची, त्याच्या पुढची. एकेक करत तिनं नव्वद बाटल्या उलट्या केल्या, हात काळे झाले, आणि नव्वदच्या नव्वद बारा निघाल्या. तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, हे तिला पुढे कधी विसरता आलं नाही. तिच्या मनात आलं, आता साहेबांना सांगायचं की बाहेरची बाटली शिरली होती. म्हणजे भावजींचीही चूक नाही आणि माझीही नाही.

सोड्याच्या शेडकडे जायला निघालेले क्रेट अंगणात रचले होते. कालचाच माल. जाता जाता तिनं वरच्या क्रेटमधली एक बाटली उपसली. मोजून नाही, अशीच, हाताला लागली ती.

पाच.

तिनं ती परत ठेवली आणि दुसरी काढली. नऊ. तिसरी, दोन. चौथी, अकरा.

"काय चोवीसबाई," क्रेट उचलणारा म्हणाला, "आज मोजायचं सोडून लॉटरी काढताय?"

पूर्वी कधी तिला हा शब्द असाच झोंबला होता. आज ती तिथेच क्रेटच्या कडेवर टेकली.

कारखान्यात पूर्वी एक सुपरवायझर होते. बोलण्यात मास्तरकी, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. तपासणीचं काम तिला त्यांनी शिकवलं. "बाई, सगळे आकडे एका जातीचे नसतात हं," म्हणायचे. "बुडबुडे मोजायचे असतात. साडेतीन बुडबुडे कधी कोणी पाहिलेत? वजन मापायचं असतं, ते जेवढं बारीक मापाल तेवढं बारीक. काचेचा रंग चांगला, मध्यम, टाकाऊ असा लावायचा. त्यात पायऱ्या आहेत, पण चांगला हा मध्यमच्या दुप्पट चांगला असं म्हणता येत नाही. आणि काही आकडे म्हणजे नुसती नावं. बसचा नंबर बघा. आठ नंबरची बस चार नंबरच्या दुप्पट लांब असते का?" ती हसली होती. मास्तर म्हणाले होते, "हसा, पण नाव कशाचं ते विचारल्याशिवाय लिहू नका."

बुडावरचा आकडा नाव आहे हे तिला कळलं होतं. कोणाचं नाव, हे तिनं विचारलं नव्हतं. बाराची मशीन आणि बुडावर बारा. यात विचारायचं काय?

त्या मशीनला बारा साचे होते. गोल फिरणारे, एक ते बारा. प्रत्येक साच्याचा नंबर त्याच्या बाटलीच्या बुडावर उठत होता.

पाळी सुरू झाली. मशीन नेहमी एक नंबरच्या साच्यापासून चालू होई, तिचा काउंटर शून्यापासून. त्या दिवशी तिनं काउंटरकडे पाहिलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती स्टुलावरून उठली आणि पट्ट्यावरून आलेली पहिलीच बाटली उचलली. एक. दुसरी उचलली. दोन. ओळीनं बारा बाटल्या तिनं बाजूच्या टेबलावर मांडल्या आणि चिमटा हातात घेतला. सहापर्यंत सगळं ठीक. सातव्या बाटलीची एक बाजू चांगली जाड, तिनं ती फिरवली, आणि दुसऱ्या बाजूला चिमट्याचे ओठ मिटतच गेले. पोस्टकार्डाएवढी पातळ काच. वजन मात्र तेवढंच. साचा एका अंगाला झिजला होता, आणि आजचा नाही, सहा महिने तरी झाले असावेत.

मग आठ, नऊ, दहा, अकरा ठीक. बारा तर नेहमीसारखी देखणी.

बारावर पहिली फेरी संपते. दुसरी फेरी संपते चोविसावर. चोविसावी बाटली कुठल्या साच्याची असणार? अठ्ठेचाळिसावी? तिनं उगाचच बोटांवर मोजून पाहिलं, हजारापर्यंत गेली तरी तेच येणार हे कळत असताना. ती अकरा वर्षं एकाच साच्यासमोर बसली होती. बाकीचे अकरा तिच्या नाकासमोरून, डोळ्यांदेखत, मोजून, सोडलेले.

आणि मास्तरांनी हे असं ठेवलंच नव्हतं.

मास्तरांचा बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात एक ते चोवीस आकड्यांच्या चिठ्ठ्या. दर चोवीस बाटल्यांना डबा हलवायचा, न बघता एक चिठ्ठी काढायची, निघेल त्या नंबरची बाटली उचलायची, चिठ्ठी परत टाकायची. तिला ते पहिल्यापासून आवडलं नाही. कधी बाविसावी यायची आणि लगेच पुढच्या चोविसांतली तिसरी. अर्ध्या मिनिटात दुसरी बाटली. वजन करायचं कधी, जाडी मापायची कधी? दोनदा तिच्या हातून घाईत माप चुकलं होतं. वर क्रेटवाल्यांचं आपलं सुरूच: लागली का लॉटरी? ही बारा साच्यांची मशीन नवी आली तेव्हा ती मास्तरांकडे गेली. म्हणाली, दर वेळी चोविसावीच घेते ना. वेळ सारखा मिळेल, काम नीट होईल, कोणाला बोलायला जागा नाही.

मास्तरांनी डबा हातात घेऊन एकदा हलवला. "तुमचा एक नियम, बाई, तसा यंत्राचाही एक नियम असतो," म्हणाले. "दोघांची गाठ पडली तर?"

"पडू दे की. बोलतील आपसांत."

पुढच्या महिन्यात मास्तर निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्याला डबा कशाचा हेही माहीत नव्हतं. एका संध्याकाळी तिनं चिठ्ठ्या भट्टीत टाकल्या आणि डबा चांगला मजबूत म्हणून घरी आणला.

गुरुवारी साहेबांच्या खोलीत कागद तयार होता. टाइप केलेला, सहीची जागा मोकळी.

"या बाई. दोन मिनिटांचं काम."

तिनं बारा बाटल्यांचा क्रेट टेबलावर ठेवला आणि शेजारी ते दातेरी बूड. सगळं सांगितलं. सातवी बाटली त्यांनी स्वतः चिमट्यात धरून पाहिली, दोनदा.

"म्हणजे वही खोटी?"

"वहीतलं अक्षर न् अक्षर खरं आहे, साहेब. पण ते बारा नंबरच्या साच्याबद्दल खरं आहे. बाकीच्या अकरांबद्दल त्या वहीला काही माहीत नाही."

"हे चोविसावीचं कोणी ठरवलं?"

तिनं टेबलावरचं बूड सरळ करून ठेवलं.

"कारण आमच्या कागदांत," साहेबांनी खण उघडून एक पिवळी पडलेली फाइल काढली, "पद्धत चिठ्ठ्यांची आहे. आजही. ती बदलायला कोणी परवानगी दिल्याचं दिसत नाही. मास्तरांची सही आहे कुठे?"

"नाही."

"मास्तर आता हयातही नाहीत." साहेबांनी फाइल मिटली. आवाज मऊ झाला. "बाई, शांतपणे ऐका. मी सातचा साचा आज बदलून टाकतो. मुकाट्यानं. तुमच्या नोकरीची अजून काही वर्षं राहिलीत. घरी तो एकटा बसेल, तुम्ही कमावत्या राहाल. हे बाहेर काढलंत तर त्याच्याऐवजी तुम्ही बसाल, आणि बावीस वर्षांचं नाव जाईल ते वेगळं. कारखाना म्हणणार, पद्धत बरोबर होती, बाईंनी मोडली. कोणाच्या तरी नावावर चूक लागणारच. बघा तुम्ही."

"त्यांचा दुसरा डोळा वाचण्याजोगा आहे अजून," ती म्हणाली.

"काय?"

"कोरा कागद द्या एक."

तिनं उभ्यानंच लिहिलं. वहीत लिहायची तशी, बारीक, सरळ ओळीत. चिठ्ठ्यांची पद्धत कधी मोडली, का मोडली, कोणाला न विचारता मोडली. सातव्या बाटलीची जाडी, दोन्ही बाजूंची, वेगवेगळी. खाली सही केली, तारीख टाकली. साहेबांनी कागद वाचला आणि म्हणाले, उद्यापासून येऊ नका. शस्त्रक्रियेचा कागद मी दवाखान्यात पाठवतो.

स्टुलावर तिची उशी होती. घ्यायला गेली नाही.

भर दुपारी ती घरी आली तेव्हा तो उठून ओट्याजवळच्या खुर्चीत बसला होता आणि धाकटी त्याच्यासमोर चहा ठेवत होती.

"केलीत सही?" धाकटीनं विचारलं. कपाचा आवाज झाला.

"केली. पण दुसऱ्या कागदावर." तिनं पिशवी खाली ठेवली. "बाटली खराब होती. सात नंबरचा साचा झिजलाय. भावजींचा काही दोष नाही. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया होईल, साहेबांनी कबूल केलंय."

धाकटी तिच्याजवळ आली, तिचे दोन्ही हात धरले. "मी काय काय बोलले हो तुम्हाला! जीभ झडो माझी. अहो, ऐकलंत ना? तुमची चूक नव्हती! मी म्हणत नव्हते?" तिला हसू आणि रडू दोन्ही येत होतं. "मग कोणाची होती? त्या मशीनवाल्यांची?"

चोवीसबाईनं हात सोडवून घेतले.

तिनं सगळं सांगितलं. साहेबांना सांगितलं त्याच क्रमानं, काही न गाळता. सांगताना ती धाकटीकडे बघत होती. त्याच्याकडे बघणं तिला जमलं नाही. शेवटी शेवटी धाकटीनंही नजर काढून घेतली आणि चहाचा कप उगाच पुसायला लागली.

मग त्यानं हात लांब करून खिडकीतला पत्र्याचा डबा ओढला. बिस्किटांचाच तो. कितीतरी वर्षं त्यात त्याचं दाढीचं सामान असे. पंधरा दिवसांपासून कापूस, पट्ट्या आणि डोळ्याच्या थेंबांची बाटली होती. त्यानं झाकण काढलं, परत लावलं.

"हा तो डबा?"

"हो."

"तुम्ही आणलात तेव्हा मी विचारलं होतं, कुठून आणला. तुम्ही म्हणालात, कारखान्यात नुसता पडला होता."

"म्हणाले होते."

"वहिनी, चिठ्ठ्या चालू असत्या तर सातवी कधी सापडली असती?"

"अहो, कशाला आता ते," धाकटी म्हणाली. "झालं ते..."

"तू थांब. वहिनी, कधी?"

तिला खोटं बोलता आलं असतं. कोण जाणे, काय सांगता येतं, असं म्हणता आलं असतं, आणि चिठ्ठ्यांच्या बाबतीत ते थोडंफार खरंही होतं. पण हिशेब तिचा कालच झाला होता, क्रेटच्या कडेवर बसून. दोनशे बाटल्या, बारा साचे.

"पहिल्याच पाळीत," ती म्हणाली. "सोळा-सतरा सातच्या आल्या असत्या हाताला. रोज."

"रोज."

"हो."

"सहा महिने."

तिनं मान हलवली. ती त्याच्या डाव्या बाजूला उभी होती, त्याला दिसत नव्हती, म्हणून तिला तोंडानं सांगावं लागलं. "हो."

त्यानं डबा ओट्यावर ठेवला. उठला. पायात चपला सरकवताना एक चप्पल सापडेना, धाकटी पुढे झाली तर त्यानं तिचा हात बाजूला केला आणि पायानं चाचपून ती स्वतःच शोधली.

"भावजी, उन्हात कुठे निघालात?" चोवीसबाई म्हणाली. "थेंब घालायची वेळ झाली. भावजी... अहो, निदान बोला तरी मला. शिव्या द्या."

चौकटीची डावी बाजू त्याच्या खांद्याला लागली. त्यानं तिथे हात ठेवला, दार कुठे आहे ते नीट समजून घेतलं, आणि काही न बोलता बाहेर निघून गेला.